पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे; आणि ती उच्चारताना बोलणाऱ्याच्या स्वरात बहुधा थोडी कीव असते. गृहस्थाने एका जागी राहावे, त्याच्या दारात तुळस असावी, आणि प्रवास करावा तो परत येण्यासाठीच, अशी आपली समजूत. परंतु दख्खनच्या पठाराचा इतिहास पाहू जाता, घर बैलांच्या पाठीवर टाकून हिंडणारी माणसेच कित्येक शतके या मुलखाला मीठ पुरवीत होती असे आढळून येते. लमाणांचे तांडे देशावरचे धान्य घेऊन निघत आणि किनाऱ्याकडचे मीठ घाटावर चढवीत. तांड्यात बायका असत, कडेवरची पोरे असत, आणि रात्री रचलेल्या गोण्यांची राखण करणारी कुत्री असत. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली आणि हा व्यापार बुडाला. तांडे जेथे थांबले तेथेच वसले. हैदराबादेतील बंजारा हिल्स ही आजची धनिकांची वस्ती अद्याप त्यांचेच नाव लावते.

मुले आणि कुत्री बरोबर घेऊन पठारावरून समुद्राकडे उतरण्याचा हा जुना परिपाठ गेल्या संक्रांतीस आम्ही पुन्हा आचरला. बैलांच्या जागी डिझेलचे एंजिन होते आणि गोण्यांच्या जागी तिळाच्या वड्यांचे डबे होते, इतकाच काय तो फरक.

आमचे वास्तव्य आबिड्सला. सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिड नामक गृहस्थाचे येथे दुकान होते. दुकान गेले, नाव राहिले. मोठे टपालघर, त्याच्यासमोर कधीच न थांबणारी वाहनांची वर्दळ, रविवारी बंद दुकानांच्या पायऱ्यांवर मांडली जाणारी जुनी पुस्तके, आणि थोड्या अंतरावर जांबबाग, कोठी, सुलतान बाजार हे मराठी कुटुंबांचे जुने मोहल्ले, एवढा आमचा परिसर. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीने उभारलेल्या विवेकवर्धिनीत आमच्या घरच्या दोन पिढ्या शिकल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबादपासून सुटून मुंबई राज्यात गेले, तेव्हा पुष्कळ कुटुंबे त्यांच्यामागोमाग गेली. आमच्यासारखी काही येथेच राहिली. ज्या भाषेचे राज्य दुसरीकडे गेले ती भाषा घरात बोलत राहणे, हा तेव्हापासून आमचा नित्यक्रम होऊन बसला आहे.

या शहराला समुद्र नाही. अठराव्या शतकात उत्तर सरकारचे जिल्हे इंग्रजांकडे गेले आणि निजामाच्या राज्याचा किनारा सुटला तो सुटलाच. त्यामुळे येथील मुलांचा सागर म्हणजे हुसेनसागर. इब्राहीम कुतुबशहाच्या काळी बांधलेल्या या तलावाला सागर म्हणण्यात ज्या कुणी औदार्य दाखविले, त्याने आमच्या मुलांचा पुष्कळ घोटाळा करून ठेवला आहे. "समुद्राच्या मध्ये बुद्ध असतो का?" असे आमच्या चार वर्षांच्या धाकटीने निघण्यापूर्वी विचारले, ते तलावातील बुद्धमूर्ती पाहूनच.

वास्तविक समुद्र पाहायचा तर आम्हांस पूर्वेकडे जाणे सोयीचे होते. पुण्याहून मछलीपट्टणास जाणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग हैदराबादेतूनच जातो. त्याच्यावर डावीकडे वळण्याऐवजी उजवीकडे वळले की साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर बंगालचा उपसागर लागतो. पश्चिमेस सोलापूर, मिरज, कोल्हापूर करीत रत्नागिरीस पोचावयाचे तर अंतर जवळजवळ दुप्पट. तरीही आम्ही पश्चिम पत्करली, कारण आम्हांस नुसता समुद्र पाहावयाचा नव्हता. देवगड तालुक्यातील एका खेड्यात आमच्या पणजोबांचे घर होते. तेथून ते निजामाच्या राज्यात नोकरीस आले आणि परत गेले नाहीत. घर पावसाने पाडले, जमीन उरली. तिच्या सात-बाराच्या उताऱ्यावर आज एकोणीस नावे आहेत, त्यांत एक आमचे. ती जागा पर्यटकांसाठी निवासस्थाने बांधू इच्छिणाऱ्या एका गृहस्थास विकावी, असा बाकीच्या अठरा जणांचा विचार ठरला होता आणि आमच्या संमतीचा कागद त्यांनी सहीसाठी पाठविला होता. रक्कम लहान नव्हती. धाकटीच्या प्राथमिक शाळेचा सारा खर्च तीत निघाला असता. सही करण्यास आमची ना नव्हती. मात्र जे विकावयाचे ते एकदा डोळ्यांनी पाहावे आणि मुलांनाही दाखवावे, एवढीच आमची इच्छा होती.

आता प्रश्न कुत्र्यांचा. आमच्याकडे दोन आहेत. थोरला नवाब अकरा वर्षांचा; तो रविवारच्या पुस्तकबाजारातच, एका जुन्या ज्ञानकोशाच्या खंडाला टेकून निजलेला सापडला. दुसरा काळू दोन वर्षांचा, आणि त्याच्या अंगी नवाबाचे गांभीर्य मुळीच नाही. सहा आणि चार वर्षांची मुले व दोन कुत्री असे कुटुंब घेऊन किनाऱ्यावर खोली मागणाऱ्याला बहुतेक ठिकाणी कोणते उत्तर मिळते, ते सांगावयास नको. कुत्र्यांना घेतले तर मुले आरडाओरडा करतील म्हणून नकार, आणि मुले गप्प राहतील म्हणून हमी दिली तर कुत्र्यांविषयी नकार. तेव्हा खोलीच बरोबर न्यावी असे ठरून आम्ही चालते घर भाड्याने घेतले.

ही गाडी बाहेरून मध्यम आकाराच्या बससारखी दिसते. आत चार माणसांना निजण्याच्या फळ्या, बसण्याची दोन बाके, दोन चुलींची शेगडी, छोटे शीतकपाट, बंद पेटीचे शौचकूप, आणि खाली सव्वाशे लिटर पाण्याची टाकी. पुढे चालकाची जागा. तेथील आसन मागे पाडले की त्याचीही निजण्याची सोय होते. आमचे चालक चारमिनारकडचे, वयाने आमच्याहून वडील. मुले त्यांना चाचा म्हणतात आणि आम्हीही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरण जाहीर केले. पाणी, वीज आणि सांडपाण्याचा निचरा यांची सोय असलेले तळ ठिकठिकाणी व्हावेत अशी त्यात कल्पना आहे. किनाऱ्याच्या ज्या भागात आम्ही हिंडलो तेथे मात्र आमचा तळ बहुधा कुणाच्या तरी माडाखाली पडला. त्याविषयी पुढे सांगू.

सोलापूरपर्यंतचा रस्ता रुंद आणि सरळ. जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग अशी गावे मागे पडत जातात आणि पाट्यांवरची लिपी तेलुगूतून कन्नडात व कन्नडातून देवनागरीत येते. थोरला नुकताच अक्षरे जुळवू लागला आहे. उमरग्याच्या अलीकडे त्याने पहिली पाटी मोठ्याने वाचली आणि बाहेरच्या भिंतीवर आपली घरची अक्षरे पाहून तो इतका चकित झाला, की त्यानंतर मंगळवेढा, सांगोला, मिरज अशी एकही पाटी त्याने आम्हांस निमूटपणे ओलांडू दिली नाही. दर दोन-अडीच तासांनी थांबणे क्रमप्राप्त असे. मुलांना पाय मोकळे करावयाचे असत, कुत्र्यांना अधिक निकडीचे काम असे. आणि उभ्या गाडीत, काचा लावून, कुत्र्याला उन्हात ठेवणे हे जानेवारीतही त्याच्या जिवाशी खेळणे होय, हा नियम चाचांनीच घालून दिला होता. आंबा घाटात मुलांना गाडी लागली. आवळासुपारी संपली, लिंबू संपले. नवाब मात्र घाटाच्या प्रत्येक वळणावर आपले वजन सराईतपणे एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर नेत, डोळे मिटून पडून होता.

समुद्र प्रथम दिसला तो रत्नागिरीजवळ भाट्याच्या पुलावरून. मुले काही बोलली नाहीत. पुळणीवर उतरल्यावर धाकटीने विचारले, "ह्याची दुसरी बाजू कुठाय?" हुसेनसागराला दुसरी बाजू आहे, तेथे दिवे लागतात. दुसरी बाजू नसलेले पाणी तिने प्रथमच पाहिले. काळूने लाटेवर भुंकून पाहिले, ती मागे हटल्यावर तो विजयी मुद्रेने आमच्याकडे वळला, आणि तेवढ्यात पुढच्या लाटेने त्याला मागून गाठले. खारे पाणी प्यायल्याने कुत्र्याला ओकारी आणि जुलाब होतात. म्हणून गोड्या पाण्याची वाटी हाती घेऊन आम्ही किनारभर त्याच्यामागे फिरत होतो. आमचे हे ध्यान पाहून जाळी विणीत बसलेल्या दोघा-तिघांची चांगलीच करमणूक झाली.

भाट्यापासून पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर, विजयदुर्ग असा दक्षिणेकडे जाणारा रस्ता म्हणजे चालत्या घराची परीक्षाच. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, त्यांच्यावरून वाकलेले फणस आणि मोहोरलेले आंबे, आणि समोरून येणारी एस. टी. गाडीची उंची माणसाच्या लक्षात राहत नाही, फांदीच्या राहते. कुठे फांदी छपराला घासू लागली की चाचा थांबत, शिडीने वर चढत आणि फांदीला दुखापत होणार नाही अशा बेताने ती बाजूस धरीत. मग आमच्यापैकी एकाने चाक हळूहळू पुढे सरकवावे. आंबा मोहोरलेला असताना त्याची डहाळी मोडणे म्हणजे कुणाच्या तरी वर्षाच्या उत्पन्नाला हात लावणे, हे देवगडच्या मुलखात कोणालाही शिकवावे लागत नाही. दोन ठिकाणी तर घरातून माणसे काठ्या घेऊन धावत आली. आम्ही घाबरलो, आणि पाहतो तो ती काठ्यांनी फांद्याच उचलून धरू लागली.

आणि येथेच या प्रवासाची खरी गंमत आमच्या ध्यानात आली. ज्याच्याजवळ छप्पर, शेगडी, शय्या आणि पाणी आहे त्याला कुणाच्या दारी जाण्याचे कारण नसते. चालत्या घराची जाहिरातही याच स्वातंत्र्याची असते. प्रौढ माणसे एकटी निघाली तर हे स्वातंत्र्य कदाचित चार दिवस टिकेलही. परंतु दोन मुले आणि दोन कुत्री यांच्यापुढे सव्वाशे लिटर पाणी दीड दिवस पुरत नाही. वाळूने भरलेले एक कुत्रे धुण्यास दोन बादल्या लागतात. वाळूने भरलेले मूल त्याहून थोड्या कमी पाण्यात निघते. दूध नासते. चेंडू कुणाच्या परसात जातो. रात्री एखाद्याचे पोट दुखते आणि ओव्यासाठी दार ठोठवावे लागते. कोणाचीही गरज पडू नये म्हणून घर बरोबर घ्यावे, आणि त्या घराने वाटेवरच्या प्रत्येक वाडीत आम्हांस याचक करून उभे करावे, असा प्रकार झाला. पाहुण्याला पाणी दिले जाते. आम्ही ते मागितले. मागण्यासाठी बोलावे लागते, आणि बोलले की लगेच विचारणा होते.

विचारणा सर्वत्र एकच. सोलापुरात "कोण गावचे?", रत्नागिरीत "कुठचे तुम्ही?", देवगडपासून खाली "खयसून इलात?" आम्ही हैदराबाद म्हणताच समोरचा गृहस्थ सौजन्याने हिंदीत बोलू लागे. आम्ही मराठीतच उत्तर देत राहिल्यावर त्याची मुद्रा अशी होई, की जणू काही दुकानातील वजनकाट्याने स्वतःच भाव सांगावा. मग आम्ही १९५६ ची हकिगत सांगावी, त्याने मान डोलवावी, आणि तेवढ्यात धाकटीने "पाणी हवे का?" या प्रश्नास "हौ" आणि "खाऊ हवा का?" या प्रश्नास लाजून "नक्को" म्हणावे. दख्खनी बोलीतील हा नक्को मूळचा आपला नकोच आहे. चाचांच्या "वैसाच" आणि "कलच" मधला चसुद्धा मराठीतूनच तिकडे गेला, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. तीनशे-चारशे वर्षे शेजारी राहिल्यावर भाषा एकमेकींच्या घरी ये-जा करू लागतात. आमची मुले ज्याला हैदराबादी म्हणतात त्यातले काही शब्द देवगडच्या वाटेवर आपल्या माहेरी आल्यासारखे ओळखीचे वाटले.

कुत्र्यांची विचारणा निराळ्या पद्धतीने होई. वाडीत शिरताच तेथील पाच-सहा कुत्री पुढे येत, नवाब उभा राही, आणि नाके लावून कूळ, गोत्र, ग्राम यांची तपासणी होई. नवाब म्हातारा असल्यामुळे त्याला लवकर सोडीत. काळूची तपासणी प्रत्येक गावी दीर्घ काळ चालली आणि दोनदा चाचांना मध्ये पडावे लागले.

पणजोबांच्या गावी आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो. घराचे जोते शाबूत होते, त्यावर रानतुळस माजली होती. पडवीच्या जागी एक काजूचे झाड उभे होते. गाडी पाणंदीत उभी करून आम्ही जोत्यावर चढलो आणि मुलांना सांगितले, येथे ओटी होती, येथे माजघर असेल. ऐकीव माहिती किती वेळ सांगणार? मुलांना जोत्यात रस वाटेना. त्यांना दिसली ती मागची विहीर. जांभ्याची, नितळ पाण्याची, आणि स्पष्टपणे वापरातली. काठावर दोर गुंडाळून ठेवलेला, शेजारी घासलेली कळशी.

शेजारच्या घरातून एक वृद्ध बाई आल्या. त्यांनी आम्हांस नेहमीचा प्रश्न केला; आम्ही हैदराबाद म्हणालो, पाणी मिळेल का असे विचारले. "पाणी काय कोणाच्या बापाचा नाय, भरा," त्या म्हणाल्या, आणि धाकटीकडे वळून, "ये गो चेडवा." मग आमची मुले, चाचा आणि त्या आजी अशी रांग लागली आणि सव्वाशे लिटरची टाकी कळशी-कळशीने भरली गेली. टाकी भरून झाल्यावर बोलता-बोलता आम्ही पणजोबांचे नाव काढले. आजी थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितले त्याचा मतलब असा, की लग्न होऊन या गावी आल्यापासून त्या याच विहिरीचे पाणी भरीत आहेत. वाडीतल्या आणखी तीन घरांची उन्हाळ्यात हीच सोय आहे. दर दिवाळीला विहिरीवर दिवा त्याच लावतात. आणि विहीर कुणाची म्हणून कुणी विचारले तर "हैदराबादवाल्यांची" असे सांगतात. आम्ही न पाहिलेल्या या गावात आमचे नाव इतकी वर्षे पाण्याला लागून राहिले होते. ज्या बाईंनी पाणी कोणाचे नाही म्हणून आम्हांस आमच्याच विहिरीचे पाणी दिले, त्यांना सहीच्या कागदाविषयी काही ठाऊक नव्हते. विक्रीच्या मसुद्यात विहिरीचा उल्लेख "पडीक" असा होता.

त्या रात्री गाडी जोत्याशेजारीच राहिली. आजींच्या घरून उकड्या तांदळाची पेज आणि आम्ही दिलेल्या तिळाच्या वड्यांच्या बदल्यात घावणे आले. मुले निजल्यावर आम्ही उभयता बराच वेळ त्या कागदाविषयी बोलत होतो. होणाऱ्या निवासस्थानांत उद्या नवाबाला प्रवेश मिळेल की नाही, अशी थट्टा करून विषय संपविण्याचा प्रयत्न झाला. तो संपला नाही.

पुढे मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली. पहाटे होडीतून समुद्रात जाळ्याचे मोठे कडे टाकतात आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून दोन रांगा ओढतात. कडे आवळत येते तशी दोन्ही रांगा एकमेकींजवळ सरकतात. मुले मागच्या टोकाला दोर धरून उभी राहिली. त्यांचा उपयोग किती झाला असेल तो असो. परंतु मासळीची वाटणी झाली तेव्हा थोरल्याच्या ओंजळीत मूठभर तारल्या पडल्या, कारण दोराला हात लावणाऱ्याला रिकामे पाठवीत नाहीत. त्या तारल्या शेवटी नवाब आणि काळू यांनी खाल्ल्या. तरी थोरला दिवसभर "माझे मासे" असेच म्हणत होता. दोर ओढल्याशिवाय त्याला ते तसे म्हणता आले नसते.

वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची घरटी जपली जातात, हे आम्हांस ठाऊक होते. म्हणून गाडी पुळणीच्या बाजूस नेण्यापूर्वीच गावात चौकशी केली. एक तरुण आमच्याबरोबर आला. त्याने गाडी सुरूच्या बनामागे लावावयास सांगितली, बाहेरचे दिवे बंद करविले, खिडक्यांवर पडदे ओढविले आणि दोन्ही कुत्र्यांना रात्रभर आत ठेवण्याचे वचन घेतले. त्याने सांगितलेली कारणे साधी होती. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या महिन्यांत रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजविते आणि परत जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने चालू लागतात. पूर्वी रात्री किनाऱ्यावर उजेड असे तो समुद्रावरचा. आता हॉटेलचा दिवा दिसला की पिले उलट चालतात. आणि अंड्यांचा वास कुत्र्यांना फार लवकर येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला पहिल्या परिशिष्टात संरक्षण दिले आहे. पण रात्री बारा वाजता कोल्हे, घोरपडी आणि कुत्री यांना कायदा कोण वाचून दाखविणार? म्हणून गावकरी अंडी उचलून जाळीच्या कुंपणात नीट पुरतात आणि पाळीपाळीने राखण करतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या तरुणाने दारावर हलकेच थाप मारली. एका घरट्यातून पिले बाहेर आली होती. तळहातात मावतील एवढी, काळसर. टोपलीतून आणून त्यांना पाण्यापासून थोड्या अंतरावर ठेवले. उचलून पाण्यात का नाही सोडत, असे थोरल्याने विचारले. वाळूवरून चालत जाणे त्यांच्यासाठी आवश्यक आहे, असे उत्तर मिळाले. वाढलेली मादी अंडी घालण्यास आपण जन्मलो त्याच मुलखाच्या किनाऱ्यावर परत येते, आणि या पहिल्या चालण्यातच त्या किनाऱ्याची ओळख तिच्यात मुरत असावी, असे त्या तरुणाचे म्हणणे होते. मुले दोरीच्या अलीकडे उकिडवी बसून राहिली. गाडीत काळू कुंईकुंई करीत होता.

आम्हांस त्या वेळी कागद आठवला. कासवाएवढे पक्के घर पाठीवर घेऊन फिरणारा दुसरा प्राणी नाही. त्याचे सारे आयुष्य पाण्यात जाते, जमिनीवाचून त्याचे काही अडत नाही. तरी पुढच्या पिढीची वेळ आली की त्याला हातभर कोरडी वाळू लागते, आणि ती कोठलीही चालत नाही. आबिड्सच्या तीन खोल्यांत आमचे सर्व काही आहे. देवगडच्या जोत्यावर आम्ही राहावयास जाणार नाही आणि मुलेही बहुधा जाणार नाहीत. परंतु कुठले तुम्ही, या प्रश्नाला त्यांनी उद्या काय सांगावे, याची तजवीज विकून टाकून आम्ही त्यांची शाळेची फी भरणार होतो.

शिरोड्याच्या मिठागरांवरून पुढे गेलो. १९३० साली येथे मिठाचा सत्याग्रह झाला. लमाणांच्या गोण्यांतले मीठ आणि कायदेभंगाचे मीठ एकाच समुद्राचे, हे मुलांना सांगून पाहिले, पण त्यांना मिठाचे ढीगच अधिक पटले. रेडीनंतर तेरेखोल. नदीच्या उत्तर तीरावर असूनही हा किल्ला गोव्याचा. १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी पोर्तुगीजांच्या नाकावर टिच्चून येथे तिरंगा चढविला होता. खाली खाडीत फेरीबोट ये-जा करते. गाडी अलीकडे ठेवून आम्ही सारे, कुत्र्यांसह, तिच्यातून पलीकडे केरीस गेलो. बोटीत एका मावशींनी धाकटीला विचारले, "खंयच्यान आयल्यात?" प्रश्न तिला कोणी समजावून द्यावा लागला नाही, देवगडपासून ती तो ऐकत आली होती, केवळ शेवटचे वळण बदलले होते. "आबिड्सहून," ती म्हणाली, आणि क्षणभर थांबून, "पण आमची विहीर इकडेच आहे." मावशींना यातले आबिड्स कळले नसावे. विहीर कळली. "बरें आसा," त्या म्हणाल्या.

परतल्यावर आम्ही संमतीचा कागद सहीविना परत पाठविला आणि सोबत पत्र लिहिले. आमचा हिस्सा मोजून वेगळा करावा. तो कितीही लहान पडला तरी चालेल, मात्र विहीर आणि तिच्याकडे जाणारी पाणंद त्यात धरावी. बाकीच्या जागेचे ज्याने त्याने आपापल्या मर्जीप्रमाणे करावे. विहिरीवाचून जागेचा भाव उतरतो, असे घेणाऱ्याने कळविले. आप्तांपैकी काही रागावले आहेत. एका वडीलधाऱ्यांनी तर, तुम्ही चार दिवस फिरावयास गेलात आणि आमचे वर्षांचे जमलेले काम मोडून आलात, असे दूरध्वनीवर स्पष्ट सुनावले. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. ते त्या गावी राहिलेले आहेत, त्यांनी त्या जमिनीचा सारा भरला आहे, आणि पैशाची गरज त्यांना आमच्याहून अधिक आहे. म्हणून आमच्या हिश्शावर येणारी भावातली तूट आम्ही सोसावी हे आम्ही मान्य केले आहे. धाकटीच्या फीची व्यवस्था दुसरीकडून पाहावी लागेल.

मोजणीची तारीख अजून लागलेली नाही. ती लागली की हजर राहावयास हवे, म्हणून चाचांना आधीच सांगून ठेवले आहे. नवाबाला एवढा प्रवास पुन्हा झेपेल की नाही, सांगवत नाही. त्याची फळी मात्र त्याच्यासाठी राखून ठेवू. टाकीविषयी चाचांचे मत असे पडले, की हैदराबादेहून निघताना ती काठोकाठ भरण्याचे कारण नाही. विनाकारण वजन कशाला वाहावयाचे?